फ्रिजमधलं बी आणि ताकातला चाकवत

निळा कोनफ्लॉवर जगात नसतो. कोनफ्लॉवर म्हणजे अमेरिकेतल्या गवताळ माळांवरचं एक फूलझाड. हे मला कळलं तोवर निळ्या कोनफ्लॉवरच्या बियांचे पैसे भरून, त्या पेरून, रोज सकाळी चष्मा लावून कुंडीतल्या मातीकडे बघत बसण्यात माझे सहा आठवडे गेले होते.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो. माहेर सांगलीकडचं, शेतकऱ्याचं घर. आप्पा अजून रोज सकाळी शेतावर एक चक्कर मारतात आणि मग व्हिडिओ कॉलवर माझ्या परसबागेची तपासणी करतात. माझी बाग म्हणजे घरामागचा वीस बाय बारा फुटांचा तुकडा. बरीच वर्षं तिथं टोमॅटो, मिरच्या, मेथी आणि उन्हाळ्यापुरती एक कढीपत्त्याची कुंडी एवढंच असायचं. फुलझाडांच्या नादी मी लागले ती २०२१ च्या जूनपासून.

त्या जूनमध्ये जवळच्या लाइल गावी, मॉर्टन आर्बोरेटम नावाच्या वृक्षोद्यानात गेलो होतो. तिथं शुलेनबर्ग प्रेअरी नावाचा भाग आहे. जुन्या शेतजमिनीवर मूळचा गवताळ माळ परत उभा करायचं काम तिथं १९६२ मध्ये सुरू झालं. इलिनॉय स्वतःला ‘प्रेअरी स्टेट’ म्हणवतं, पण इथला मूळचा सव्वादोन कोटी एकरांच्या आसपासचा माळ नांगराखाली गेला आणि त्यातला चांगल्या स्थितीतला म्हणावा असा जेमतेम अडीच हजार एकर उरला. बाकी सगळा मका आणि सोयाबीन. तर त्या माळावर गुडघाभर गवतात एक फूल दिसलं. मधे काटेरी, तपकिरी बोंड आणि भोवती फिकट जांभळ्या, हडकुळ्या पाकळ्या, पावसात भिजलेल्या झिंज्यांसारख्या खाली लोंबणाऱ्या. खरं तर फार देखणं फूल नव्हे. पण प्रत्येक बोंडावर एकतरी भुंगा बसलेला होता, आणि मला ते घरी हवंच झालं.

पाटीवर नाव होतं एकिनेशिया पॅलिडा, फिकट जांभळा कोनफ्लॉवर. नर्सरीत मिळतो तो त्याचा चुलतभाऊ, एकिनेशिया पर्प्युरिया. त्याच्या पाकळ्या रुंद, रंग गडद गुलाबी-जांभळा. एकिनेशिया हे नाव ग्रीकमधल्या काटेरी प्राण्यावरून, म्हणजे हेजहॉगवरून आलंय. बोंडाला एकदा हात लावला की नाव का पडलं ते कुणाला विचारावं लागत नाही. कुळ सूर्यफुलाचं, म्हणजे झेंडू आणि शेवंतीही यांच्या भाऊबंदकीतलीच. हे वाचलं आणि माझा आत्मविश्वास वाढला. झेंडूचं बी विकत आणलेलं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. दसऱ्याच्या माळा वाळल्या की दारावरून काढायच्या, चुरगाळायच्या, परसात भिरकावायच्या. पुढच्या पावसात रोपं नको म्हटलं तरी येतात. तेव्हा नर्सरीत एका रोपाला बारा-पंधरा डॉलर कशाला मोजायचे, बी पेरू की!

२०२२ च्या एप्रिलमध्ये ऑनलाइन पाकीट मागवलं. पाकिटावर मोरपिशी निळ्या फुलाचा फोटो. कोनफ्लॉवर गुलाबी असतो, पांढरा असतो, ओझार्क डोंगरातला एक पिवळा असतो, संकरांत केशरी-लालही मिळतात. निळा मात्र कुठंच नाही, तो फक्त संगणकावर रंगवता येतो. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. बागेतलीच माती कुंडीत भरली, बी पेरलं, स्वयंपाकघराच्या उबदार खिडकीत ठेवलं आणि रोज पाणी घातलं. आपल्याकडं बी जागं करायला एवढंच लागतं, ऊब आणि ओल.

तीन अंकुर आले. त्यातले दोन चौथ्या दिवशी जमिनीलगत बारीक होऊन आडवे झाले. रोपं कोलमडणं म्हणतात ते हेच. माती बुरशीची, पाणी जास्त, वारा नाही. तिसरं मात्र जोमानं वाढलं. मी त्याचे रोज फोटो काढत होते. पान थोडं त्रिकोणी, कडा दातेरी, कोवळ्या शेंड्यावर पिठाची भुकटी भुरभुरल्यासारखी.

आप्पांना कॅमेऱ्यातून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “पोरी, त्यो चाकवत हाय. फुलं कसली बघतीस?”

चाकवतच होता. इथं तो शेताशेतांतलं तण आहे, माझ्या बागेच्या मातीत त्याचं बी आधीपासून पडलेलं असणार. कुंडीतल्या एका रोपाची भाजी होत नाही, पण त्यानिमित्तानं कुंपणाकडेला पाहिलं तर तिथं ढीगभर उगवला होता, इतकी वर्षं मी तो उपटून टाकत होते. त्या शनिवारी ताकातला चाकवत केला. हरभरा डाळ, शेंगदाणे, वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. निळ्या फुलांचे साडेसात डॉलर असे वसूल झाले.

खरं बी मला मिळालं गावातल्या सार्वजनिक वाचनालयात. इथल्या पुष्कळ वाचनालयांत बियांचं कपाट असतं. जुन्या कार्ड कॅटलॉगच्या खणांमध्ये पाकिटं लावलेली, हवं ते न्यायचं, पुढच्या वर्षी आपल्याकडचं आणून द्यायचं. तिथं मदतीला बसणाऱ्या एका आजींना मी माझी फजिती सांगितली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “हिवाळा दाखवला होतास का त्याला?”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

मग त्यांनी सांगितलं ते असं. हे बी झाडावरून गळतं सप्टेंबर-ऑक्टोबरात. तेव्हा इथं अजून पुरेशी ऊब असते, पाऊसही असतो. बी लगेच उगवलं तर चार पानांचं कोवळं रोप डिसेंबरात मरणार. म्हणून बीच अडून बसतं. ओलसर थंडीत काही आठवडे काढल्याशिवाय ते उघडत नाही. पर्प्युरियाचं कुलूप सैल, महिनाभराची थंडी पुरते, आणि काही बिया थंडीवाचूनही उगवतात. पॅलिडाचं घट्ट, त्याला दोन-तीन महिने लागतात. माझ्या डोक्यात बी म्हणजे पावसाची वाट बघणारी गोष्ट. कारल्याचं बी रात्रभर भिजवायचं, धणे चपलेखाली रगडून दोन फाका करायचे, एवढ्याच खटपटी आम्हाला माहीत. बियांना थंडी द्यायची, तीही ओली, हे ऐकून माझी सगळी शेतकरी घराण्याची ऐट उतरली.

दोन पद्धती होत्या, फ्रिज आणि अंगण. मी दोन्ही करून बघायच्या ठरवल्या.

२०२३ ची संक्रांत रविवारी आली होती. सकाळी तिळाच्या वड्या थापल्या आणि दुपारी दुधाचे कॅन कापायला बसले. इथं दूध गॅलनच्या अर्धपारदर्शक प्लास्टिकच्या कॅनमधून येतं, ते तीन मी धुऊन ठेवले होते. गॅसवर पेचकस तापवून बुडाला सहा-सात भोकं पाडली. या कामाला खिडकी उघडी हवी, वास घरभर चार तास राहतो. मग कॅन कमरेपाशी गोल कापायचा, पण मुठीजवळची दोन बोटं जागा सोडायची, म्हणजे वरचा भाग डब्याच्या झाकणासारखा उघडतो आणि पडत नाही. आत चार बोटं पॉटिंग मिक्स. बागेतली माती नाही, तो धडा चाकवतानं दिला होता. मिश्रण किती ओलं? मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निथळू नये. त्यावर बी पसरलं, तळहातानं दाबलं आणि वरून भाकरीवर पीठ भुरभुरावं इतपतच माती. खोल पुरायचं नाही, उगवायला या बियांना थोडा उजेड लागतो. कापलेली कड रुंद चिकटपट्टीनं बंद केली. कॅनचं बूच मात्र फेकून दिलं, तोंड उघडंच ठेवायचं. पाऊस आणि बर्फ तिथून आत जातो आणि उन्हाच्या दिवशी वाफ बाहेर पडते.

दोन कॅनमध्ये पर्प्युरियाच्या वीस-वीस बिया, तिसऱ्यात पॅलिडाच्या वीस. मार्करनं नावं लिहिली आणि तिन्ही कॅन मागच्या अंगणात, उत्तरेच्या भिंतीलगत ठेवून दिले. तास-दीड तासात संपलं. त्यानंतर तीन महिने मी काहीही केलं नाही. बर्फ पडला, वितळला, परत पडला.

फ्रिजची पद्धत जास्त नाजूक. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पर्प्युरियाच्याच चाळीस बिया ओलसर वाळूत मिसळून छोट्या झिपच्या पिशवीत घातल्या, तारीख लिहिली आणि ओल्या खोबऱ्याच्या डब्याशेजारी ठेवल्या. त्या आठवड्यात आईचा फोन आला तेव्हा मी फ्रिज आवरत होते.

“ती वाळू कसली गं?”

“बी आहे आई, फुलाचं. थंडी देतेय त्याला.”

“बरं.” जरा वेळ गप्प राहून, “स्वेटर घालून ठेवलंयस ना?”

मागून आप्पांचा आवाज आला, “हसू नगंस. बटाट्याचं बेणं न्हाय का शीतगृहात असतंय?” आप्पांनी असा आधार दिला की मला अजून बारा वर्षांची झाल्यासारखं वाटतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पिशवी उघडली तर दोन बियांना आतच पांढरं टोक फुटलेलं. ट्रेमध्ये पेरून तळघरात ट्यूबलाइटखाली ठेवलं. सातव्या दिवशी पहिलं रोप, आणि दोन आठवड्यांत चाळीसपैकी सव्वीस. मी सगळ्यांना फोटो पाठवले. फोटो पाठवायची घाई करू नये.

झालं असं की दिवा मी ट्रेच्या फूटभर वर टांगला होता. तो चार बोटांवर हवा, आणि रोपं वाढतील तसा वर सरकवत न्यायचा. उजेड लांब म्हणून रोपं मान उंच करून किडमिडी झाली. आठ-नऊ कोलमडली. उरलेल्यांना एप्रिलअखेर बाहेरच्या हवेची सवय लावायची होती. ती आठवडाभर थोडी थोडी लावायची असते. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, दुसऱ्या दिवशी दोन तास, असं. मी तिसऱ्याच दिवशी ट्रे उन्हात विसरून ऑफिसच्या मीटिंगला बसले. संध्याकाळी पानं कागदासारखी पांढरी. शेवटी फ्रिजातल्या चाळीस बियांमधून बागेत गेली अकरा रोपं.

अंगणातल्या कॅनना यातलं काही करावं लागलं नाही. एप्रिलच्या मध्याला चार दिवस एकदम उन्हाळ्यासारखे आले. मी सहज एका कॅनच्या तोंडातून आत डोकावले तर मातीवर हिरवे ठिपके. जमिनीला नाक लावून, एक डोळा मिटून त्या बुचाच्या भोकातून मी किती वेळ बघत होते कोण जाणे. शेजारच्या बाईंनी कुंपणापलीकडून विचारलं, सगळं ठीक आहे ना. दोन दिवसांत परत बर्फ पडला. मी घाबरून कॅन आत आणायला निघाले, मग थांबले. बर्फाची रोपांना फिकीर नव्हती. बाहेरच जन्मलेली, त्यांना कुणी सवय लावायची गरज नव्हती. चाळीसपैकी एकतीस. पॅलिडाच्या वीसपैकी पाच.

फक्त एक घोळ झाला. मार्करची शाई उन्हा-बर्फात पार उडाली होती आणि तिन्ही कॅन कोरे. पहिली दोन दळं सगळ्यांची सारखीच, गोल आणि गुळगुळीत. खरं पान आल्यावर उलगडा झाला. पर्प्युरियाचं पान रुंद, दातेरी. पॅलिडाचं लांब पट्टीसारखं, शिरा एकमेकींना समांतर. आणि दोघांच्याही पानांवर बारीक राठ लव. पर्प्युरियाच्या मोठ्या पानावर बोट फिरवलं की थेट पारिजातकाचं पान आठवतं, तोच पॉलिश पेपरचा खरखरीतपणा. आता मी नाव पेन्सिलनं प्लास्टिकच्या पट्टीवर लिहून कॅनच्या आत खोचते. पेन्सिल उडत नाही.

मला विचाराल तर बर्फ पडणाऱ्या गावात राहणाऱ्यानं फ्रिजच्या भानगडीत पडूच नये. फ्रिजला दिवा लागतो, ट्रे लागतात, रोजचं लक्ष लागतं. कॅनला फक्त रिकामा कॅन लागतो. टेक्सास, फ्लोरिडाकडच्या मंडळींना मात्र फ्रिज बरा.

मे संपता संपता रोपं बागेत लावली, दीड-दीड फुटावर. आप्पांनी माती दाखव म्हटलं. इथली मूळची माती काळी, हातभर खोल कसदार, कृष्णाकाठच्या माणसानं हेवा करावा अशी. पण घरं बांधताना बिल्डर वरचा थर खरवडून काढतात, आणि आमच्या वाट्याला आली ती पिवळी, चिकट, खाली घट्ट बसलेली. मी भरपूर शेणखत आणायला निघाले होते. वाचनालयातल्या आजींनी अडवलं. म्हणाल्या, माळावरचं झाड आहे, लाडावलं तर नुसतं उंच होऊन लोळेल. एका कोपऱ्यात मी तरीही घातलंच. त्या कोपऱ्यातल्या झाडांना पुढच्या वर्षी काठ्या बांधाव्या लागल्या.

मग ससे.

लहानपणी सशाच्या गोष्टी ऐकून माझं सशांबद्दल मत चांगलं होतं. इथले ससे पहाटे येतात, रोपाचं देठ तिरकं कापतात, विळ्यानं कापावं तसं, आणि अर्धं खाऊन उरलेलं तिथंच टाकून जातात. त्या टाकून जाण्याचा राग जास्त येतो. पहिल्या तीन रात्रींत सात रोपं गेली. लाल तिखट भुरभुरून पाहिलं, कांदा-लसूण मसालाही टाकून पाहिला. आठवं रोपही गेलं. शेवटी कोंबड्यांच्या खुराड्याची असते तशी षटकोनी भोकांची जाळी आणून प्रत्येक रोपाभोवती फूटभर उंच नळकांडं उभं केलं. बाग तुरुंगासारखी दिसायला लागली, पण रोपं वाचली.

त्या पूर्ण वर्षात एकही फूल आलं नाही. जमिनीलगत पानांचा झुबका, बस. नवरा येता-जाता विचारायचा, याची भाजी कधी करायची. बियांपासून केलेला कोनफ्लॉवर बहुतेक वेळा दुसऱ्या वर्षी फुलतो, पहिलं वर्ष मुळांचं, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं असणं आणि ऑक्टोबरपर्यंत तुरुंगातल्या पालेभाजीला पाणी घालणं यात फरक आहे. सप्टेंबरात एका रोपानं एक कळी वर काढली. जाळीच्या वर आली त्याच रात्री सशानं खुडली.

२०२४ च्या जानेवारीत पारा उणे वीस सेल्सिअसच्या खाली गेला. बागेत काळी पडलेली पानं आणि जाळ्या. एप्रिलात तिथून परत हिरवे कोंब दिसायला लागले, आणि मी नवऱ्याला तण काढायला मदत कर म्हटलं. ही माझी चूक. त्यानं तण म्हणून दोन झाडं मुळासकट उपटून, मातीसुद्धा नीट झटकून, ओळीनं ठेवली. त्यातल्या एका मुळाचा तुकडा धुऊन मी चावून पाहिला. आधी मातकट, मग जिभेचं टोक मुंग्या आल्यासारखं बधिर. अगदी अक्कलकाऱ्यासारखं! इथल्या मैदानी मुलखातले मूळ रहिवासी दाढदुखीवर एकिनेशियाचं मूळ चावायचे, ते का, हे जिभेलाच कळलं. आता दुकानांत सर्दीवर त्याचा चहा आणि गोळ्या मिळतात. त्याच्या गुणाबद्दलचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. माझं सुंठ आणि गवती चहावर भागतं.

मे-जूनमध्ये सतरा वर्षांनी जमिनीतून निघणारे सिकाडा नावाचे किडे निघाले. २००७ नंतर थेट २०२४. झाडांच्या बुंध्यांवर त्यांच्या कातींचा थर, आणि दुपारी असा कर्कश आवाज की आईला फोनवर वाटलं शेजारी गिरणी लागलीय. मला वाटलं, संपली माझी फुलं. पण हे किडे असल्या झाडांना हात लावत नाहीत, अंडी घालायला त्यांना झाडाच्या कोवळ्या फांद्या लागतात. जून संपेतो तेही गेले.

आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात पहिलं बोंड उघडलं.

उघडलं म्हणजे काय, ते मी रोज ऑफिसच्या आधी बघत होते. आधी देठाच्या टोकाला रुपयाएवढी चपटी हिरवी चकती. तिच्या कडेनं दाढीचे खुंट यावेत तशा हिरवट टोच्या. ह्याच पाकळ्या. आठवडाभर त्या नुसत्या लांबत जातात, आडव्या, आणि टोकापासून रंग धरतात. मग चकती फुगून घुमट होते. घुमटावर शेकडो ताठ टोकं, तळाशी हिरवी आणि वर विस्तवासारखी केशरी, तिरप्या फेऱ्यांमध्ये रचलेली. एक फेरी डावीकडं जाते, एक उजवीकडं. आपण ज्याला फूल म्हणतो तो खरं तर फुलांचा अख्खा गाव. पाकळी दिसते ते एक वांझ फूल, बी धरणारी फुलं त्या टोकांच्या मधे दडलेली. ती एकदम उमलत नाहीत. सर्वांत बाहेरचं कडं आधी, मग रोज एकेक कडं आत. परागाची पिवळी रेघ घुमटावर रोज थोडी वर चढलेली दिसते. ती शिखरावर पोचायला बरेच दिवस लागतात, म्हणून एकेक फूल इतकं टिकतं.

पहाटे गेलं तर बोंडांवर गुबगुबीत भुंगे झोपलेले असायचे, अंगावर दव. बोट लावलं तर एक पाय उचलून ‘थांबा जरा’ म्हणायचे. ऊन आलं की उडायचे.

ऑगस्टमध्ये कडेच्या एका झाडाचं वेगळंच काही दिसायला लागलं. पाकळ्या आखूड आणि हिरव्याच राहिलेल्या, आणि बोंडातून केसांच्या बटेसारखे बारीक पानांचे गुच्छ बाहेर आलेले. मला वाटलं, नवीन जातच मिळाली! विचित्र पण देखणं होतं. कॉलवर आप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“आगं, ह्यो पर्णगुच्छ. तिळाला होतोय, वांग्याला होतोय. तुडतुडं आणत्यात. उपट आजच्या आज.”

मी म्हटलं, आप्पा, तुम्ही हे झाड आयुष्यात पाहिलेलं नाही. म्हणाले, “झाड न्हाय बघितलं. रोग बघितलाय.”

इथं त्याला ॲस्टर यलोज म्हणतात. फायटोप्लाझ्मा नावाचे सूक्ष्म जीव झाडाच्या अन्नरसात राहतात, फुलाचं पान करून टाकतात, आणि खरोखरच तुडतुड्यांमार्फत पसरतात. दरवर्षी वसंतात दक्षिणेच्या वाऱ्यांबरोबर हे तुडतुडे इथवर येतात. औषध नाही. रोगट भाग छाटून उपयोग नाही, रोग अख्ख्या झाडात असतो. हातानं किंवा कात्रीनं तो पसरत नाही, पण झाड उभं राहिलं तर तुडतुडे त्याच्यावरून शेजारच्यावर जातात. मी त्या संध्याकाळी झाड खणून काढलं आणि पिशवीत बांधून कचऱ्यात टाकलं. दीड वर्षाचं झाड होतं. आप्पांनी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, काढलंस का.

बाकीची फुलं वाळायला लागली तशी मी ती कापली नाहीत. वाळलेल्या काळ्या बोंडांवर गोल्डफिंच येतात, चिमणीहून लहान, नर उन्हाळ्यात हळदीसारखा पिवळाधमक. बोंडावर उलटसुलट लटकून बी खातात आणि खाली फोलपटांचा सडा पाडतात. अर्धी बोंडं त्यांची, अर्धी माझी, असा हिशेब मी ठरवला होता. त्यांनी तो मानला नाही, मला तिसरा हिस्सा मिळाला.

ऑक्टोबरात बोंडं कागदी पिशवीत काढली. बी सोडवताना हातमोजे हवेत, टोकं नखाखाली शिरतात. पिशवीत आपटून आपटून सगळा चुरा स्टीलच्या ताटात ओतला. त्यात बी कुठलं आणि फोलपट कुठलं? बी पांढुरकं, चौकोनी, खाली निमुळतं, वरच्या कडेला बऱ्याचदा तपकिरी पट्टा. सुपाची सवय हाताला राहिलेली आहे का, म्हणून ताट घेऊनच पाखडायला लागले. फोलपट उडालं, त्यातलं निम्मं स्वेटरवर आलं. उरलेल्यांतही पोचट खूप. नख टोचलं की दबतं ते पोचट, टणक राहतं ते भरलेलं. टीव्ही बघत बघत तीन संध्याकाळी हे काम चाललं. भरलेल्या बिया निघाल्या साधारण सहाशे.

आईनं थोडं बी पाठव म्हटलं. तसं पाकिटात घालून पाठवता येत नाही. बाहेरचं बी भारतात न्यायचं तर २००३ च्या प्लँट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, आणि पर्णगुच्छ बघून बसलेल्या मला त्या नियमाशी वाद घालावासा वाटला नाही. आईला म्हटलं, तुझ्याकडं झेंडू आहे.

शंभर बिया वाचनालयाच्या खणात ठेवल्या. बाकीच्यांचं काय करायचं ते मला संक्रांत जवळ आल्यावर सुचलं. दर जानेवारीत हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं हा प्रश्न असतोच. प्लास्टिकचे डबे देऊन देऊन सगळ्यांची कपाटं भरलीत. २०२५ च्या हळदीकुंकवाला मी पंचवीस लहान पाकिटं लुटली, प्रत्येकी वीस बिया. पाकिटावर मराठीत लिहिलं होतं: दुधाचा कॅन कापा, आजच पेरा, बाहेर बर्फात ठेवा, विसरून जा. बायकांना वाटलं मी गंमत करतेय. एकीनं विचारलं, कॅन गॅरेजमध्ये ठेवला तर चालेल का, बाहेर फार गारठा आहे. तिला समजावताना माझ्या तोंडून चक्क आजींचं वाक्य निघालं, हिवाळा दाखवावा लागतो गं त्याला.

पॅलिडाच्या पाचांतली तीन रोपं अजून बागेत आहेत. पर्प्युरियाला तंतुमुळं, पण याला खोल जाणारं सोटमूळ, ते आधी वाढतं आणि फूल तीन-चार वर्षांनी येतं. तोवर पट्टीसारखी चार पानं. भोवती जाळी ठेवलीच आहे. नवऱ्याला लांबूनच दाखवून ठेवलीत.

आणि एप्रिलच्या शेवटी मैत्रिणीचा मेसेज आला. सोबत कॅनच्या तोंडातून काढलेला अंधुक फोटो, मातीवर हिरवे ठिपके. खाली लिहिलं होतं: “अगं उगवलं! पण हे तेच आहे ना? का चाकवत?”